कलदाराचा नवा बट्टा

चलनाची कार्ये कोणती, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात विचारला, तर विद्यार्थी विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे साधन, मूल्याचा संचय अशी ठरलेली उत्तरे देतात. ती उत्तरे बरोबरच आहेत. परंतु या सर्व कार्यांच्या मुळाशी नाण्याचा जो गुण असतो, त्याचा उल्लेख सहसा होत नाही. एक नाणे दुसऱ्या नाण्यासारखेच असते, आणि म्हणून ते घेताना निरखून पाहावे लागत नाही, हा तो गुण होय. ज्या दिवशी नाणे उलटसुलट करून पाहण्याची पाळी येते, त्या दिवशी ते चलन राहत नाही. एक तर ते खोटे असल्याचा संशय आलेला असतो, नाही तर ते संग्राह्य झालेले असते.

ब्रिटिश अमदानीतील चांदीच्या रुपयाला आज हे दुसरे भाग्य लाभले आहे. पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यातील डबीत किंवा तांड्यावरील एखाद्या वृद्धेच्या गळ्यातील माळेत पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेला हा रुपया आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विक्रीस येऊ लागला आहे. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी बसून मुंबई-बंगळूरच्या ग्राहकाशी व्यवहार करणे शक्य झाले, ही गोष्ट वरकरणी स्वागतार्हच म्हटली पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, या व्यवहारात पारख कोणाच्या हाती आहे. ज्याच्या हाती ती नाही, त्याचे नुकसान दोन बाजूंनी होते. त्याच्याजवळचे दुर्मिळ नाणे चांदीच्या भावाने मोडीत जाते, आणि सामान्य नाण्याचे लाखो रुपये मिळतील या आशेने त्याची गाठची पुंजी ठगाच्या खिशात जाते.

हाली आणि कलदार

हा विषय मराठवाड्याला परका नाही. किंबहुना महाराष्ट्राच्या इतर भागांपेक्षा तो येथे अधिक जवळचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा आणि एकाच कसाचा रुपया ठरवून दिला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, कडेला सारख्या खाचा असलेला हा रुपया लोकांनी ‘कलदार’ म्हणून ओळखला. सोनारांनी त्याचे वजन मापासाठी वापरले आणि ‘रुपयाभार’ हा शब्द मराठीत रुळला.

त्यापूर्वी या देशात रुपयांचे अनेक प्रकार होते. पुण्याकडे अंकुशी, नाशिककडे चांदवडी, आणखी कोठे आणखी काही. एका मुलखातील रुपया दुसऱ्या मुलखात नेला, किंवा जुना झिजलेला रुपया नव्याच्या मोबदल्यात दिला, तर सराफ त्यातून काही रक्कम कापून घेत असे. या कपातीला ‘बट्टा’ म्हणत. नाण्यांची पारख करणारा पोतदार हा तर मराठेशाहीच्या कारभारातील मान्यताप्राप्त अधिकारी होता. आज आपण नावाला बट्टा लागला असे म्हणतो, तेव्हा सराफाच्या पेढीवरील हाच व्यवहार भाषेतून बोलत असतो. कंपनीच्या एकरूप रुपयाने तिच्या मुलखातील या बट्ट्याचा पाया काढून घेतला.

निजामाच्या राज्यात मात्र तसे झाले नाही. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा ‘हाली सिक्का’ होता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यावर चारमिनारची आकृती दिसू लागली. मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतील रुपयावर त्या चारमिनारच्या कमानीत उर्दू ‘ऐन’ हे अक्षर आढळते. हाली रुपया कलदारापेक्षा वजनाने आणि कसाने हलका होता; शंभर कलदारांना सुमारे ११६ ते ११७ हाली रुपये पडत. शेजारच्या वऱ्हाडात १८५३ पासून ब्रिटिशांचा कारभार होता. साहजिकच सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस व्यवहार असणाऱ्या व्यापाऱ्याला, आणि नातेवाईक असणाऱ्या कुटुंबालाही, दोन्ही नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. १९५० मध्ये भारतीय रुपया येथे आला तेव्हा सात हालींना सहा भारतीय रुपये असा दर ठरला, आणि हाली चलन पूर्णपणे रद्द होण्यास १९५९ साल उजाडावे लागले. म्हणूनच परभणी जिल्ह्यातील जुन्या घरात एकाच डबीत राणीछाप कलदार आणि चारमिनारचा हाली शेजारी शेजारी सापडले, तर त्यात आश्चर्य वाटावयास नको. ती डबी म्हणजे या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाचे एक लहानसे दप्तरच होय.

एका नाण्याच्या तीन किमती

आता प्रश्न किमतीचा. जुन्या नाण्याला एक नव्हे, तीन किमती असतात, आणि त्यांची गल्लत झाली की फसवणुकीला वाट मिळते.

पहिली किंमत दर्शनी. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे रुपयाची दर्शनी किंमत आणि त्यातील चांदीची किंमत यांत फारसे अंतर पडत नसे. त्या वर्षी टांकसाळी खासगी चांदीस बंद झाल्या आणि रुपया हे चांदीवर छापलेले वचन बनले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात या साऱ्या स्थित्यंतराची जी कठोर चिकित्सा केली, ती अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्याजोगी आहे. आज त्या दर्शनी किमतीला अर्थ उरलेला नाही.

दुसरी किंमत धातूची. एका कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. २०२५ साली चांदीने किलोला एक लाख रुपयांची पातळी ओलांडली. हिशेबाच्या सोयीसाठी लाखाचाच भाव धरला, तरी एका रुपयातील चांदीची किंमत सुमारे १,०६९ रुपये होते. परंतु येथेच एक मेख आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, सरकारने रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले. वजन मात्र तेच ठेवले. तेव्हा सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ या काळातील रुपयात चांदी भरते ती केवळ ५.८३ ग्रॅम. पाठीवर वाघ असलेला १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक लावले तर तो चिकटतो. चांदीचा म्हणून तो विकत घेणाऱ्याने एवढी साधी परीक्षा केली तरी पुष्कळ.

१९४० नंतर जे घडले ते ग्रेशमच्या नियमाचे पाठ्यपुस्तकात शोभावे असे उदाहरण आहे. हलका रुपया बाजारात फिरू लागला आणि भारी रुपया पेटीत गेला. सरकारने जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून परत घेतले. लोकांनी जे परत केले नाहीत, तेच आज आपल्या घरांतून निघत आहेत.

तिसरी किंमत संग्राहकाची. ती ठरते दोन गोष्टींवरून: नाणे किती दुर्मिळ आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. जुने म्हणजे दुर्मिळ, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे. पाचव्या जॉर्जचे १९१७ ते १९२० या सालांचे रुपये कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले. पहिल्या महायुद्धात चांदीची एवढी टंचाई झाली की, सरकारला १९१७ साली एक रुपयाची नोट काढावी लागली; आणि १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी विकली. त्यामुळे शंभर वर्षांहून जुना असूनही १९१८ चा रुपया आजही मुबलक आहे. याउलट १९३९ चा रुपया वयाने त्याहून एकवीस वर्षांनी लहान. पण त्यातील बहुतेक नाणी वितळविली गेल्याने तो अत्यंत दुर्मिळ. १९११ च्या रुपयाची कथा आणखी वेगळी. राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात त्यावरून क्षोभ उसळल्याने सरकारने तो रुपया परत घेतला आणि पुढल्या वर्षी सुधारित हत्ती कोरून नवा काढला. कोणत्या सालाला मागणी आहे, हे वयावरून नव्हे, तर अशा इतिहासावरून ठरते.

झीज मोजण्याचे शास्त्र

दुर्मिळतेइतकेच महत्त्व अवस्थेला आहे, आणि नाण्यांची प्रतवारी हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. इंग्रजी परंपरेत फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड अशा चढत्या पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीचे नाणे म्हणजे चलनात न फिरलेले, टांकसाळीतून बाहेर पडतानाची मूळ झळाळी अंगावर असलेले. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली १ ते ७० अशी अंकांची श्रेणी मांडली. तिच्यामागे मूळ कल्पनाच अशी होती की, ७० अंकांच्या नाण्याची किंमत १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. बाजाराने हे प्रमाण पुढे पाळले नाही, पण अंक मात्र टिकले. पुढे १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था निघाल्या. नाणे तपासून, त्याला अंक देऊन, प्लॅस्टिकच्या मोहरबंद वेष्टनात घालून देणे हे त्यांचे काम.

झीज प्रथम दिसते ती नाण्याच्या उंचवट्यांवर. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर मुकुटाचे मणी, केस आणि पोषाखाची नक्षी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट, कान आणि झग्यावरचा तोच प्रसिद्ध हत्ती. हे उठाव स्पष्ट असतील तर प्रत वरची, सपाट झाले असतील तर खालची. १८६२ सालच्या रुपयाबाबत तर भिंग लावूनच बसावे लागते. कारण तेच साल कायम ठेवून पुढे अनेक वर्षे रुपये पाडले गेले आणि मुंबईच्या नाण्यांवरील बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून त्यांचे प्रकार ओळखले जातात.

आपल्याकडे या प्रतवारीचे सर्वांत मोठे शत्रू दोन, आणि दोन्ही आपल्या प्रेमातून जन्मलेले. लक्ष्मीपूजनाला पूजेतील रुपये चिंच आणि राखेने घासून लख्ख करण्याची घरोघर चाल आहे. या घासण्याने मूळ पृष्ठभागच निघून जातो. गृहिणीच्या दृष्टीने नाणे उजळते. संग्राहकाच्या दृष्टीने ते कायमचे मरते. काळपट पडलेले, न घासलेले नाणे तो अधिक किमतीला घेतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. दुसरा शत्रू डाग. माळेसाठी नाण्याला कडी डागली की, ते कितीही दुर्मिळ असो, त्याची किंमत बव्हंशी चांदीवर येऊन थांबते. अर्थात, घासू नका आणि माळा करू नका असा उपदेश करण्याचा येथे हेतू नाही. पूजा आणि अलंकार हेही नाण्याचे उपयोगच आहेत, आणि संग्राहकाची आवड त्यांच्याहून श्रेष्ठ मानण्याचे कारण नाही. मात्र आपण काय देऊन काय घेत आहोत, हे माहीत असावे.

छायाचित्रावरचा सौदा

आता एक विसंगती वाचकांच्या ध्यानात आली असेल. १८३५ च्या रुपयाने बट्टा घालविला. आजच्या प्रतवारीने तो परत आणला आहे. ‘व्हेरी फाइन’ आणि ‘एक्स्ट्रीमली फाइन’ यांच्या किमतीतील अंतर म्हणजे झिजेबद्दल कापला जाणारा बट्टाच होय. फरक इतकाच की, पूर्वीचा सराफ समोर बसलेला असे. तो नाणे बोटांवर तोली, फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐके, आणि त्याने लबाडी केलीच तर दुसरी पेढी शेजारी होती. आजचा सौदा छायाचित्रावर होतो. छायाचित्राला वजन नसते आणि आवाजही नसतो. प्रकाश तिरपा पाडला की घासलेले नाणे मूळ झळाळीचे भासते. १९३८ मधील आठाचा नऊ करून दुर्मिळ साल ‘निर्माण’ करणारे कारागीर आहेत. एवढेच नव्हे, तर प्रतवारी संस्थांची वेष्टनेसुद्धा बनावट निघतात.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची अवस्था ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, अशी स्थिती असेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो. कारण घेणारा सर्वच मालाला संशयाने कमी भाव देतो. या विवेचनाबद्दल त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक इतर दोघा अर्थशास्त्रज्ञांसमवेत मिळाले. जुन्या नाण्यांचा ऑनलाइन बाजार हे त्याचेच उदाहरण आहे. परंतु आपल्या खेड्यापाड्यांत त्याचे चित्र उलटेही दिसते. येथे पुष्कळदा घेणारा जाणता असतो आणि विकणारा अजाण. औषधोपचारासाठी किंवा मुलाच्या शुल्कासाठी नाणी मोडणाऱ्या कुटुंबाकडे भिंग नसते, सूचिपत्र नसते आणि थांबण्यास वेळही नसतो.

लाखाच्या आशेचा धंदा

या अज्ञानावर एक निराळाच धंदा पोसला जात आहे. ‘तुमच्याकडे अमुक नाणे असेल तर पाच लाख रुपये मिळवा’ अशा जाहिराती समाजमाध्यमांतून सर्रास फिरतात. छायाचित्र पाठविले की ताबडतोब होकार येतो, आणि पाठोपाठ नोंदणी शुल्क, कर, दलाली अशा नावांखाली पैशांची मागणी सुरू होते. पैसे भरले की नवे शुल्क निघते. यात रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही वापरले जात असल्याचे आढळल्याने, बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून स्पष्ट केले की, अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, आपण कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकार कोणासही दिलेला नाही.

याच जातीची दुसरी फसवणूक राम-सीता, हनुमान यांच्या प्रतिमा असलेल्या, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव कोरलेल्या ‘आण्यां’ची. कंपनीने असे आणे कधीच पाडलेले नाहीत. ते अलीकडचे बिल्ले होत. त्यांपैकी काही तांदूळ ओढून घेतात, म्हणून त्यांना कोटी रुपयांचा भाव आहे, अशा थापेला सुशिक्षित माणसेही बळी पडली आहेत. सावधगिरीचा नियम साधा आहे: जो खरेदी करणार आहे तो पैसे देतो, मागत नाही. मागितले तर व्यवहार तेथेच थांबवावा. फसवणूक झालीच असेल तर विनाविलंब १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे.

कायद्याची बाजूही ठाऊक असणे अगत्याचे आहे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा परदेशी ग्राहकाने कितीही भाव देऊ केला, तरी राणीछाप रुपया टपालाने त्याच्याकडे रवाना करणे हा गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या नाण्यांसाठी तर १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहे. असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक असून, सापडवणाऱ्याच्या हक्काचा विचारही त्याच कायद्यात केलेला आहे.

पोतदार हवा आहे

यावर कोणी म्हणेल की, ज्याला विकावयाचे आहे तो आपले पाहून घेईल; बाजारात समाजाने कशाला पडावे? हा युक्तिवाद माहिती सर्वांना सारखी उपलब्ध असती तर मान्य करता आला असता. ती तशी नाही, हेच तर दुखणे आहे. शिवाय जे नाणे मुशीत गेले, ते पुन्हा येत नाही. त्याबरोबर ते कोणाचे, कोणत्या व्यापारातून या घरी आले, कलदार येथे कोणत्या वाटेने पोहोचला, ही माहितीही वितळून जाते. हाली-कलदाराचा दुहेरी व्यवहार स्वतः केलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे.

उपाय फार खर्चाचा नाही. तालुक्याच्या महाविद्यालयाने वर्षातून दोन दिवस नाणी पारखून देण्याचे काम करावे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अचूक तराजू असतो. एक भिंग, एक मोजपट्टी, एक लोहचुंबक आणि एक प्रमाणित सूचिपत्र, एवढे साहित्य पुरे. इतिहास आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी साल, वजन, टांकसाळीची खूण आणि अवस्था पाहून मालकाला एक चिठ्ठी लिहून द्यावी, आणि मालकाची संमती असेल तर नाण्याची हकिकत नोंदवून घ्यावी. दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. तेथे खरेदी-विक्री होऊ नये, आणि कोणाकडे काय आहे याची वाच्यता होऊ नये; नाही तर पारखीचा दिवस चोरांची यादी होऊन बसेल. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० च्या दशकात नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. नाण्यांच्या अभ्यासाला महाराष्ट्रात परंपरा आहे. ती तालुक्यापर्यंत पोहोचलेली नाही, इतकेच.

अशा चिठ्ठीने कोणी श्रीमंत होणार नाही. बहुतेकांना कळेल ते एवढेच की, आपला रुपया सामान्य आहे आणि त्याची किंमत चांदीपेक्षा थोडी अधिक आहे. परंतु हे कळणेही लहान नव्हे. ज्याला आपल्या नाण्याची खरी किंमत ठाऊक आहे, त्याला पाच लाखांची थाप मारता येत नाही. आणि शंभरातील ज्या एखाद्याचे नाणे खरोखर दुर्मिळ निघेल, त्याला ते तराजूत टाकून मोडावे लागणार नाही. जुन्या काळी राज्याने पोतदार नेमला, तो रयतेच्या हाती खोटे नाणे पडू नये आणि खऱ्याला अवास्तव बट्टा लागू नये म्हणून. बट्टा परत आला आहे. पोतदार अजून यावयाचा आहे.